पाइप फुटल्यावर

टंचाईवर कविता लिहायची म्हटलं की आपला कवी भेगाळलेली जमीन, आभाळाकडे लागलेले डोळे आणि रिकामा हंडा एवढ्यावर भागवतो. इम्तियाज धारकर यांच्या ‘ब्लेसिंग’ या इंग्रजी कवितेत आभाळ नाहीच. धारावीत महापालिकेचा पाइप फुटतो, एवढीच घटना. कवयित्री लाहोरला जन्मलेल्या, ग्लासगोत वाढलेल्या, पुढे मुंबईत राहिलेल्या. इंग्लंडमधल्या शाळांत ही कविता बरीच वर्षं अभ्यासाला होती. तिथली मुलं ती कोणत्या डोळ्यांनी वाचत असतील कोण जाणे. धुळे जिल्ह्यातल्या साक्रीत बसून वाचताना तिच्यातल्या वेगळ्याच गोष्टी नजरेत भरतात.

पहिलं कडवं दोनच ओळींचं. वाक्यं तुटक, कोरडी. कातडीला तडकलेल्या शेंगेची उपमा दिली आहे. समीक्षक तिला दुष्काळाची प्रतिमा म्हणतील. पण शेंग तडकते ती आतला दाणा तयार झाल्यावर, आणि तूर काढणाऱ्या माणसाच्या हे लगेच लक्षात येतं. पुढच्या कडव्यात पत्र्याच्या मगात पडणाऱ्या थेंबाचा आवाज आहे. पाणी दिसायच्या आधी ऐकू येतं, हे खरंच आहे. कोरड्या नळातून आधी हवेची फुसफुस येते आणि तेवढ्यावर घरातली बाई उठते.

मग पाइप फुटतो आणि वाक्यही फुटतं. इथून पुढे ओळींना फारसा थांबा नाही. स्वल्पविरामांवरून पाणी धावत सुटतं. जमिनीवर आदळणाऱ्या पाण्याला कवयित्री चांदी म्हणते, आणि माणसं भांडी घेऊन धावतात. भांड्यांचा क्रम बघण्यासारखा आहे: पितळ, तांबं, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक आणि शेवटी नुसते हात. चांदीपासून निघालेलं पाणी एकेक पायरी स्वस्त होत ओंजळीपर्यंत उतरतं. गरिबी हा शब्द कुठेही नाही, ते काम भांड्यांनी केलं आहे. टंचाईच्या वर्षी टँकरमागची रांग पाहिलेल्या माणसाला यावर टीप लागत नाही. कोणाचा ड्रम, कोणाची कळशी, कोणाचं तेलाचं डबडं, यावरून घर ओळखू येतं. माझ्या मते कवितेचा जीव याच यादीत आहे.

माझं अडतं ते देवाशी. थेंबात दयाळू देवाचा आवाज, गर्दीला भक्तमंडळींचं रूप, शीर्षक तर थेट आशीर्वाद. यात उपरोध आहे हे कळतं. तरी पाणी नशिबाने मिळतं ही कल्पना आमच्या मातीत पटकन रुजत नाही. इथल्या पांझरा नदीवर काही शतकांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड, म्हणजे शेतांचे गट. एका फडात एकच पीक आणि पाणी सोडायला पाटकरी. पाणी कमी असलं की एखादा फड पडीक ठेवायचा. बहुतेकांची जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली, त्यामुळे तोटाही वाटला जायचा. तिथे पाण्याची पाळी असते आणि पाळीवरून भांडता येतं. आशीर्वादावरून भांडता येत नाही. बहिणाबाई चौधरींच्या मोटेच्या गाण्यातही पाणी विहिरीतून ओढूनच काढावं लागतं, बैलांच्या आणि माणसाच्या बळावर.

अर्थात धारावीला ना पाट होता, ना पाटकरी. जिथे हक्काची पाळीच नाही तिथे फुटलेला पाइप देवाघरचा वाटणारच, आणि कवितेचा खरा आरोप हाच असेल तर माझी तक्रार अर्धी मागे घेतो. शेवटी उघडी मुलं उन्हाने झळाळणाऱ्या पाण्यात किंचाळतात आणि कविता त्यांच्या बारीक हाडांवर येऊन थांबते. पान्हा घेऊन पाइप दुरुस्त करायला येणारा माणूस तिच्यात नाही. त्याला आणलं असतं, तर मुलांची कविता तिथेच संपून महापालिकेची सुरू झाली असती.