आधी मिस्त्री, मग रंगारी

मी तसा शांत माणूस आहे. भाजीवालीशी घासाघीस करत नाही, रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत नाही, आणि घरात तर मला वाद घालायची संधीच मिळत नाही. पण कोणी भिंतीवरच्या ओलीकडे बोट दाखवून "रंगारी बोलवा हो, एक हात मारला की झालं" असं म्हटलं, की माझ्या अंगात येतं. ओलीवर रंग लावणं म्हणजे तापाने फणफणलेल्या पोराला पावडर लावून फोटोला बसवणं. फोटो झकास येतो; ताप जिथल्या तिथं!

हे ज्ञान मी तीन रंगाऱ्यांना पैसे मोजून मिळवलं आहे. तेव्हा ते फुकट वाटायचा मला पूर्ण अधिकार आहे.

आमची इमारत १९७८ सालची. तीन मजले, बारा बिऱ्हाडं, मागे एक अंधारा डक्ट आणि त्यात उभे सोडलेले सांडपाण्याचे बिडाचे पाईप. आम्ही मधल्या मजल्यावर. एका जानेवारीत आमच्या न्हाणीघराच्या छतावर बशीएवढा डाग उमटला. मला तो श्रीलंकेसारखा वाटला. आईला त्यात गणपती दिसला. गणपती दिसल्यावर त्याला खरवडायची सोय राहिली नाही, आणि पंधरा दिवसांत सोंड खिडकीपर्यंत पोचली.

मग आम्ही रीतीप्रमाणे सगळं केलं. आधी पावसाला शिव्या दिल्या. भर जानेवारीत! मग रंगारी आला. त्याने पोपडे काढले, पुट्टी भरली, रंग दिला. महिन्याभरात रंगाला पुरीसारखे फुगे आले. दुसऱ्याने एप्रिलमध्ये 'पाणी आत शिरूच न देणारा' महागडा रंग लावला. पाणी आधीच आत होतं. ते बिचारं बाहेर पडायला दुसरी वाट शोधत शेजारच्या भिंतीतून फुटलं. तरी मे महिन्यात डाग वाळला, म्हणून मी त्या रंगाऱ्याची चार घरी शिफारस केली. जूनमध्ये डाग परत आला आणि मी त्या चार घरांवरून जायचं सोडलं. तिसऱ्या रंगाऱ्याबद्दल मी बोलत नाही. सौ. बोलते.

रंगारी थकले की मध्यमवर्गीय माणसाचं एकच हत्यार उरतं. भांडण. वरच्या काकूंशी माझी डक्टाच्या खिडकीतून जुंपायची. "अहो, आमची फरशी कोरडी ठणठणीत आहे, येऊन बघा!" असं त्या ओरडायच्या. मी जाऊन बघायचो. फरशी खरोखरच कोरडी असायची, आणि त्यामुळे मला जास्तच राग यायचा. माझ्या दारावरून जाताना त्या मान फिरवू लागल्या. संक्रांतीचा तिळगूळ वरून खाली यायचा बंद झाला.

सोसायटीचं तर काय सांगावं! सामायिक सांडपाण्याचे पाईप संस्थेने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असं आदर्श उपविधींत छापलेलं आहे. पण उपविधी वाचतो कोण? वार्षिक सभेत प्रवेशद्वारावरची ग्रॅनाइटची पाटी एकमताने मंजूर झाली, कारण पाटी येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते. डक्टातले पाईप पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाले, कारण ते कोणाला दिसत नाहीत. आपल्याकडून वाहून गेलं ते आपलं राहिलं नाही, हे आपलं पक्कं तत्त्वज्ञान. देवघराला संगमरवर आणि मोरीला देवाचा भरवसा!

शेवटी एक म्हातारा मिस्त्री आला. छताकडे त्याने पाहिलंदेखील नाही. आधी डक्टात डोकावला. तिथे भिंतीतून एक छान पिंपळ वर आला होता. आम्ही त्याला निसर्गाची देणगी समजत होतो.

"साहेब, उन्हाळ्यात याला पाणी कोण घालतं?"

मी गप्प.

"तुमचं छत सारखं ठिपकतं, की मधूनमधून?"

"मधूनमधून. सकाळी जास्त."

"मग नळाची लाईन नाही. त्यात दाब असतो, ती रात्रंदिवस गळणार. हे वापराचं पाणी. वरचे लोक मधे गावाला गेले होते का?"

गेले होते. मे महिन्यात. म्हणजे माझ्या त्या दुसऱ्या रंगाऱ्याची सगळी कीर्ती काकूंच्या भाच्याच्या लग्नावर उभी होती.

मग त्याने छोटी हातोडी काढली आणि डक्टातला पाईप जागोजाग वाजवत गेला. धड पाईप खणखणतो, तडकलेला बद्द बोलतो. "माठ घेताना वाजवून घेता ना? मग पाईप का नाही?" पाईपच्या पाठीमागे, भिंतीच्या बाजूला, त्याने बोटं फिरवली आणि गंजाचे पापुद्रे बाहेर काढले. तिथे रंगाऱ्याचा ब्रश पोचत नाही, त्यामुळे बिडाचा पाईप बहुधा पाठीतून खचतो. पुढून तो माणसासारखाच तुकतुकीत दिसतो.

पुढची तपासणी सौ.च्या डब्यातल्या जिलबीच्या रंगाने झाली. रंगाचं पाणी आधी काकूंच्या बेसिनमध्ये ओतलं. तासभर काही नाही. मग न्हाणीच्या जाळीत ओतलं. थोड्याच वेळात आमचा गणपती केशरी झाला. फरशी कोरडी होती हे काकूंचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. फुटका होता तो फरशीखालचा सांधा, जिथे जाळीखालचा ट्रॅप पाईपला मिळतो. या ट्रॅपला धंद्यात 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपली न्हाणी इंग्रजी कॅटलॉगांत मानाने जाऊन बसली. घरात मात्र तिची चौकशी करायला कोणी वाकत नाही.

मी विजयी मुद्रेने काकूंकडे पाहत होतो, तेवढ्यात मिस्त्री म्हणाला, "आता तुमच्या न्हाणीत हिरवा टाकू. दोन्हींचं वय एकच."

आम्ही खाली मास्तरांकडे गेलो. निवृत्त शिक्षक, एकटे राहतात. त्यांच्या न्हाणीघरात छताखाली एक बादली होती आणि बादलीत फडकं टाकलेलं होतं. रात्री टपटप आवाजाने झोपमोड होऊ नये म्हणून. फडकं हळूहळू हिरवं झालं.

"मास्तर, हे कधीपासून?"

"झालं असेल दीड वर्ष."

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"तुमचं वरच्यांशी चाललेलं ऐकू यायचं डक्टातून," मास्तर म्हणाले. "म्हटलं, आपण कशाला आणखी एक मजला वाढवा."

आजवर मला कोणी इतक्या सभ्यपणे थोबाडीत मारलेली नाही.

म्हणून सांगतो, तोडफोडीला भिऊ नका. "घरात कार्य आहे, तात्पुरता गिलावा करा" हे वाक्य मी स्वतः दोनदा उच्चारलं आहे. तडकलेल्या पाईपवर थापलेलं सिमेंट टिकत नाही. गरम-गार पाण्याने पाईप फुगतो, आकसतो. सिमेंटला ते जमत नाही. खराब तुकडा कापून नवाच घालावा लागतो. न्हाणी उखडायची, ट्रॅप बदलायचा, पाईपला नीट ढाळ द्यायचा, मग लादी बसवण्याआधी तोंड बंद करून दोन दिवस पाणी कोंडून ठेवायचं आणि खालच्यांच्या घरी जाऊन छत बघायचं. हो, खालच्यांच्या घरी. स्वतःची गळती स्वतःच्या घरात कधीच दिसत नाही. आणि हे सगळं पुढे ढकललं, तर पाणी स्लॅबमधल्या सळयांपर्यंत पोचतं. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतं आणि काँक्रीट फोडून ती मिळवतं. मग रंगारी नको, मिस्त्री नको, थेट इंजिनिअरच बोलवावा लागतो.

आमच्या दोन्ही न्हाण्या झाल्या. पाईपसाठी सोसायटीची खास सभा बोलवावी म्हणून अर्ज लिहिला, त्यावर माझ्याखालोखाल काकूंची सही आहे. आमचं छत अजून वाळतंय. पाहुणे वर बघतात आणि "रंगारी बोलवा हो" म्हणतात. मी दात-ओठ खातो, आई हात जोडते.

मास्तरांचं छत लवकर वाळलं. परवा तिथे रंगारी लागला. पैसे अर्थातच मी दिले. आयुष्यातला हा माझा चौथा रंगारी. पण मिस्त्रीनंतर आलेला पहिलाच.