बोट आवरण्याचा धडा

निवृत्तीनंतर किंवा नातवंडांच्या आग्रहाने अनेक जण साठीच्या आसपास ‘एक्स’वर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, खाते उघडतात. नाव, पासवर्ड, फोटो हे सोपस्कार दहा मिनिटांत उरकतात. पोस्ट कशी लिहायची, हॅशटॅग कसा द्यायचा हे मुले दाखवतात. दुसऱ्याची पोस्ट पुढे पाठवण्याचे बटण केव्हा दाबू नये, हे मात्र सहसा कोणी शिकवत नाही. आरोग्याच्या बाबतीत नवख्याचा पहिला धडा तोच असायला हवा.

हे माध्यम २००६ मध्ये सुरू झाले. एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावत. त्यात पाठवणाऱ्याच्या नावाला जागा ठेवून संदेशासाठी १४० अक्षरांची मर्यादा ठरली. २०१७ मध्ये ती २८० झाली. एवढ्या जागेत ‘मधुमेहाच्या गोळ्या बंद करा’ हे वाक्य आरामात बसते. कोणी, केव्हा, कोणत्या तपासणीनंतर, हे बसत नाही. वैद्यकीय सल्ल्यात ‘जर’ आणि ‘पण’ फार महत्त्वाचे असतात आणि छोट्या पोस्टमधून नेमके तेच गळतात.

अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा माग काढला. हा अभ्यास २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक होती. दीड हजार लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला सुमारे सहापट वेळ लागला. याला यंत्रचलित खात्यांपेक्षा माणसेच अधिक कारणीभूत होती. नवल वाटले की ते दुसऱ्याला सांगावेसे वाटते, एवढेच.

म्हणून हे माध्यम टाळावे असे नाही. एप्रिल-मे २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन आणि खाटांची माहिती याच मार्गाने अनेक कुटुंबांपर्यंत पोहोचली. मात्र ज्यांनी आधी स्वतः फोन लावून खात्री केली, त्यांच्याच पोस्ट कामाला आल्या. बाकी ठिकाणी बंद पडलेले आणि शिळे क्रमांक फिरत राहिले आणि रुग्णाच्या नातेवाइकांचा मोलाचा वेळ त्यात गेला.

नवख्याने पहिला महिना फक्त वाचावे. जागतिक आरोग्य संघटना, केंद्रीय आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर यांची अधिकृत खाती फॉलो करावीत. निळ्या खुणेवर विसंबू नये. २०२२ च्या अखेरीपासून ती पैसे भरून मिळते, त्यामुळे ती वैद्यकीय पदवीचा पुरावा नव्हे. पोस्टची तारीख पाहावी, सोबतची लिंक उघडून वाचावी. औषध सुरू किंवा बंद करण्याचा सल्ला असेल, तर तो पुढे न पाठवता आपल्या डॉक्टरांना दाखवावा. स्वतःचे किंवा घरच्यांचे तपासणी अहवाल तिथे टाकून सल्ला मागू नये. एकदा पसरलेला अहवाल परत घेता येत नाही.

पोस्ट वाचून कोणी रक्तदाबाची गोळी सोडली आणि पुढे पक्षाघात झाला, तर ती लिहिणारा रुग्णालयात येत नाही. रुग्णाला उचलून आणतात ते घरचेच. कित्येकदा ती पोस्ट त्याला पाठवलेली असते तीही घरच्यांनीच, काळजीपोटी.