गादी, पायऱ्या आणि शरीराचा रोजमेळ

व्यापारी घराण्यांत 'गादी' हा केवळ बसण्याच्या जागेचा शब्द नाही. गादी सांभाळणे ही जबाबदारी आणि गादीवर बसणे हा मान. इतवारी, गांधीबाग, मस्कासाथ या नागपूरच्या जुन्या बाजारपेठांत अनेक पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या, त्या या गादीच्या पुण्याईवर. परंतु पूर्वीच्या पिढीतील गादीवरचा माणूस दिवसभर गादीवरच खिळलेला नसे. सकाळी पायी मंदिर, तेथून पायी दुकान, दुपारी जेवणासाठी पुन्हा पायी घर. माल उतरला की गोदामात फेरी, उधारी थकली की सायकलवरून वसुली. शिवाय गादी जमिनीवर अंथरलेली असल्याने मांडी घालून बसणे आणि हाताचा आधार न घेता उठणे हे दिवसातून पंधरा-वीस वेळा सहज घडत असे. त्याला कोणी व्यायाम म्हणत नव्हते. तरी तो होत होता.

आता घर वर्धमाननगरात आणि दुकान इतवारीत असते. मोटार दारातून निघते आणि दुकानाजवळ थांबते. गादीची जागा फिरत्या खुर्चीने घेतली, मागणी मोबाइलवर येते, रक्कम बसल्या जागी खात्यात जमा होते. व्यापाराच्या दृष्टीने ही प्रगतीच आहे. मात्र या प्रगतीत जी हालचाल नकळत वजा झाली, तिची भरपाई कोणत्याही खात्यावर झालेली नाही.

याचे परिणाम आकड्यांत दिसतात. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत सुमारे ५७ टक्के होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर गेली आहे. उपाश्रयात आणि प्रवचनमंडपात मागच्या बाजूला मांडल्या जाणाऱ्या खुर्च्यांची रांग वर्षागणिक लांबत आहे, हेही त्याच हिशेबाचे एक पान होय.

चालक आणि वाहक

बसून काम करणे आणि हृदयविकार यांचा संबंध प्रथम ठळकपणे दाखविला तो लंडनच्या दुमजली बसगाड्यांनी. डॉ. जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ पासून तेथील वाहतूक कर्मचाऱ्यांच्या आरोग्याच्या नोंदी तपासण्यास प्रारंभ केला आणि १९५३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बस एकच, मार्ग एकच, धूर आणि गर्दीही एकच. चालक कामाचा बहुतेक वेळ बसून असे. वाहक मात्र तिकिटे देण्यासाठी दिवसभरात शेकडो पायऱ्या चढत-उतरत असे. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळले. टपाल खात्यातही पायी व सायकलवर फिरणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कारकून यांच्यात तसाच फरक दिसला.

मॉरिस यांचा प्रामाणिकपणा असा, की त्यांनी स्वतःच्याच निष्कर्षावर शंका घेतली. गणवेशासाठी घेतलेल्या कमरेच्या मापांच्या नोंदी त्यांनी तपासल्या, तेव्हा चालक हे नोकरीत शिरतानाच वाहकांपेक्षा कमरेने जाड असल्याचे दिसून आले. म्हणजे सगळे श्रेय पायऱ्यांना देता येत नव्हते. पुढील अनेक दशकांच्या संशोधनाने मात्र मूळ मुद्दा पक्का केला: नियमित हालचाल हृदयाचे रक्षण करते. स्वतः मॉरिस ९९ वर्षे जगले. कापडाच्या व्यापाऱ्यांना या हकिकतीत विशेष रस वाटावा, कारण प्रकृतीचा एक महत्त्वाचा पुरावा येथे शिंप्याच्या मापांत सापडला.

प्रत्येक दुकानात आजही एक चालक आणि एक वाहक असतो. मालक गल्ल्यावर बसतो. नोकर शिडी चढून माल काढतो, पोटमाळ्यावर जातो, गोदामात धावतो. दिवसातून काही वेळा ही भूमिका मालकाने स्वतःकडे घेतल्यास प्रतिष्ठेला बाध येत नाही, शिवाय मालाची शिल्लकही प्रत्यक्ष नजरेखालून जाते.

किती पुरे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. चालताना बोलता येते परंतु गाता येत नाही, इतकी गती म्हणजे मध्यम गती होय. रोजची २५ मिनिटे झाली, तरी किमान मर्यादा गाठता येते. याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम आणि वयाची ६५ वर्षे ओलांडलेल्यांनी तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा, असेही त्यांत सांगितले आहे. हा दुसरा भाग बहुधा विसरला जातो. केवळ चालण्याने मांड्या आणि कंबर यांना पुरेसे बळ मिळत नाही, आणि उतारवयात माणूस अंथरुणाला खिळतो तो अनेकदा पडल्यामुळे.

रोज दहा हजार पावलांचा जो दंडक सर्वतोमुखी झाला आहे, त्याचा उगम प्रयोगशाळेत नसून बाजारात आहे. टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ मध्ये, जपानमधील एका कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र विक्रीस आणले आणि त्याचे नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मोजमाप, असे ठेवले. नाव आकर्षक होते, ते रूढ झाले. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत वृद्ध स्त्रियांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांतही, सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले आणि ७,५०० च्या आसपास हा लाभ स्थिरावला. तात्पर्य, दहा हजार जमत नाहीत म्हणून चार हजारही सोडून देणे हा तोट्याचा व्यवहार ठरतो.

नागपूरची शिकवण

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची अत्यंत खडतर सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली. शहराला अभिमान वाटावा असेच हे कर्तृत्व आहे. परंतु गल्ल्यावर दहा तास बसणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थासाठी अधिक उपयोगी धडा याच शहरात त्याच्या कितीतरी आधी घालून दिला गेला होता.

जनार्दनस्वामींनी १९५१ साली नागपुरात योगाभ्यासी मंडळाची स्थापना केली. रामनगरातील या मंडळाने सामान्य माणसाला झेपतील अशी आसने, ठरलेल्या क्रमाने आणि समूहाने, विनामूल्य शिकविण्याचा परिपाठ घातला. स्वामीजींच्या पुस्तकाचे नावच 'सुलभ सांघिक आसने' असे आहे. या तीन शब्दांत सर्व मर्म आले. व्यायाम सुलभ असला, तर तो आरंभता येतो. सांघिक असला, तर तो टिकतो. जानेवारीत व्यायामशाळेचे वर्षभराचे शुल्क भरून मार्चमध्ये ती सोडणारे पुष्कळ आढळतात. मात्र सकाळी साडेपाचला कोपऱ्यावर चार सोबती वाट पाहत असतील, तर गृहस्थ सहसा झोपून राहत नाही. संघाचे सामर्थ्य जैन समाजाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

उद्दिष्ट वजनाचे नको, सामर्थ्याचे असावे

व्यायामाचा संकल्प बहुधा 'दहा किलो कमी करीन' असा केला जातो. काटा दोन आठवडे हलला नाही की संकल्प ढासळतो. त्याऐवजी शरीराने काय करून दाखवावे, हे ठरविणे अधिक फलदायी ठरते.

श्रद्धावान कुटुंबांजवळ असे उद्दिष्ट आयतेच आहे. श्री सम्मेदशिखरजीची वंदना म्हणजे मधुबनातून चढण, टोंकांची परिक्रमा आणि उतरण मिळून सुमारे २७ किलोमीटरची वाट. पालिताण्याला शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या आहेत. धन आणि सवड हाती येईपर्यंत अनेकांचे गुडघे आणि दम साथ सोडतात, आणि आयुष्यभर मनात जपलेली वंदना डोलीत बसून करावी लागते. डोलीत उणेपणा काही नाही. आजारी आणि वृद्ध यांचा तो हक्कच आहे. परंतु पंचावन्नाव्या वर्षी, केवळ हालचालीअभावी, चार खांद्यांवर आपला भार टाकावा लागणे हे कोणासही रुचणार नाही.

यासाठी विदर्भाच्या परिसरातच पायऱ्यांची एक चढती श्रेणी आखता येते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत रोज अर्धा तास चालणे आणि घरी दोन मजले चढणे-उतरणे. त्यानंतर रामटेक: पायथ्याशी शांतिनाथांचे दर्शन घेऊन गडाच्या पायऱ्या न थांबता चढून जाणे. पुढचा टप्पा परतवाड्यानजीकच्या मुक्तागिरीचा, जेथे डोंगराच्या अंगाखांद्यावर ५२ मंदिरे आहेत. त्यानंतरच्या हिवाळ्यात शिखरजी किंवा पालिताणा. या सरावात उतरण्याला विसरू नये. चढताना दम लागतो, पण उतरताना मांड्यांवर आणि गुडघ्यांवर अधिक ताण येतो. डोंगर उतरल्यावर दोन दिवस पाय धरतात ते त्यामुळेच.

प्रगती मोजण्यासाठी एक सोपी चाचणी आहे. हात छातीवर घडी करून, न हलणाऱ्या खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते, ते मोजावे. वयाच्या ६० ते ६४ वर्षांत पुरुषाला १४ आणि स्त्रीला १२ पेक्षा कमी वेळा, तर ७० ते ७४ वर्षांत अनुक्रमे १२ आणि १० पेक्षा कमी वेळा उठता आले, तर पायांचे बळ सरासरीखाली गेले असे समजावे.

ही नोंद कोठे ठेवावी? रोजमेळ लिहिल्याशिवाय दुकान वाढविण्याची शिस्त ज्या समाजात आहे, त्याला निराळी वही सुचविण्याचे कारण नाही. दिवसाची मिनिटे, चढलेले मजले आणि महिन्यातून एकदा खुर्चीच्या चाचणीचा आकडा, एवढ्या तीन नोंदी पुरेत. एखादा दिवस कोरा गेला तर तो कोराच ठेवावा. रविवारी एकदम तीन तास चालून आठवड्याची तूट भरून काढण्याचा प्रयत्न दुखापतीला निमंत्रण देतो.

घरातील स्त्रिया

स्त्रियांविषयी एक गैरसमज रूढ आहे: 'दिवसभर घरात राबते, तिला वेगळा व्यायाम कशाला?' घरकाम ही हालचाल खरीच. परंतु ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहिल्याने कंबर व टाचा दुखतात. हृदयाचे ठोके वाढत नाहीत, स्नायूंना बळ मिळत नाही. रजोनिवृत्तीनंतर हाडे वेगाने ठिसूळ होतात, तेव्हा हे बळच अस्थिभंगापासून वाचविते. सुनेला सकाळचा अर्धा तास हवा असेल, तर त्या वेळी चहा, मुलांचे डबे आणि वडीलधाऱ्यांचे दूध कोणीतरी सांभाळले पाहिजे. हा प्रश्न तिच्या इच्छाशक्तीचा नसून घराच्या व्यवस्थेचा आहे आणि त्याचे उत्तर सासूबाई व मुलगा यांनी द्यावयाचे आहे.

ऋतू आणि पथ्य

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो. तेव्हा सूर्योदयापूर्वी अंबाझरी, तेलंगखेडी किंवा घराजवळची बाग गाठावी आणि ऊन तापण्याआधी परतावे. पावसाळ्यात घरातील जिना व आसने यांवर भर द्यावा. सेंट्रल अव्हेन्यूवरून मेट्रोने येणाऱ्यांना स्थानकाचा सरकता जिना टाळून साध्या पायऱ्यांनी उतरता येते. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घरांत जेवणानंतर १०-१५ मिनिटे शतपावली करण्यास पुरेसा अवधी मिळतो. जेवणानंतरच्या चालण्याने रक्तातील साखरेची उसळी कमी होते.

उपवासाच्या काळात आणि विशेषतः पर्युषणात व्यायाम हलका ठेवावा. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवास आणि व्यायाम दोन्ही एकत्र करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण साखर एकाएकी घसरू शकते. हृदयविकार वा रक्तदाब असणाऱ्यांनी आरंभापूर्वी तपासणी करून घ्यावी. चालताना छातीत दडपण, अकारण दम किंवा चक्कर आल्यास तेथेच थांबावे आणि त्याच दिवशी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

शिखरजीच्या यात्रेसाठी थंडीचे महिने उत्तम मानले जातात. तिकिटे काढण्याचे काम मुले पंधरा मिनिटांत करून देतील. पायांची तयारी मात्र कोणी दुसरा करून देऊ शकत नाही आणि तिला किमान सहा-आठ महिने लागतात. येत्या हिवाळ्यात ज्यांना आपल्या पायांनी चढावयाचे आहे, त्यांनी उद्या सकाळी मंदिरात जाताना मोटार घरीच ठेवावी.