दहावीनंतर डार्विन कुणाला भेटणार?

एकाच आजोबांची दोन नातवंडे आहेत असे समजा. नातू नागपूरला, राज्य मंडळाच्या शाळेत. नात रसमडा येथे, म्हणजे दुर्ग-भिलाईच्या पश्चिमेला मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर जी कारखान्यांची वस्ती आहे तिथे, सीबीएसईच्या शाळेत. दोघेही दहावीला. अशी मराठी घरे त्या भागात नवलाची नाहीत. १९५६ पर्यंत दुर्ग आणि विदर्भ एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर होती. पुढे भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि नोकरीसाठी माणसे तिकडे गेली, ती तिथलीच झाली.

आता या दोघांची विज्ञानाची पुस्तके शेजारी ठेवा. राज्य मंडळासाठी बालभारतीने २०१८ साली काढलेल्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिल्याच धड्याचे नाव आहे ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. लॅमार्क, डार्विन, जीवाश्म, आपल्या शरीरात उरलेले आंत्रपुच्छासारखे अवशेष, माणसाची वाटचाल, सगळे त्यात आहे. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातही पूर्वी जवळजवळ याच नावाचा धडा होता. २०२२ मध्ये अभ्यासक्रम हलका करताना त्याच्या नावातला दुसरा शब्द गेला. ‘आनुवंशिकता’ तेवढी राहिली. पृथ्वीवर जीव कसा आला, जीवाश्म कसे तयार होतात, माणूस कुठून आला, हा सारा मजकूर गेला. डार्विनची माहिती देणारी चौकटही गेली.

कारण काय दिले? कोरोनाच्या काळात मुलांचे नुकसान झाले, ओझे कमी करायला हवे. हे कारण अगदीच खोटे म्हणता येणार नाही. दहावीच्या मुलाची पाठ कोणत्या दप्तराने वाकली आहे हे घरात रोज दिसतेच. शिवाय सरकारचे म्हणणे असे की डार्विनला हाकलले कुठे? बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीचा पूर्ण धडा आहे. तेही खरे. तरीही एप्रिल २०२३ मध्ये देशातल्या अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी सह्या करून हा भाग परत आणा असे आवाहन केले. एवढी माणसे एका धड्यासाठी का उठली?

त्याचा एक धागा महाराष्ट्रात सापडतो. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, एका वैदिक संमेलनात तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे, आणि शाळा-कॉलेजच्या अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी सांगितलेले नाही, असा त्यांचा मुद्दा होता. हे गृहस्थ रसायनशास्त्र शिकलेले आणि मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेले! देशातल्या तीनही विज्ञान अकादम्यांनी एकत्र पत्रक काढून सांगितले की उत्क्रांतीच्या मूळ तथ्यांबद्दल विज्ञानात वाद नाही, आणि ती अभ्यासक्रमातून काढणे किंवा पातळ करणे हे मागे जाणे ठरेल. खुद्द त्यांचे वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनी त्यांना अशी विधाने टाळायला सांगितले. त्या भाषणामुळेच चार वर्षांनी धडा गेला असे म्हणायला आधार नाही, आणि आम्ही तसे म्हणतही नाही. पण ज्यांनी ते भाषण ऐकले होते त्यांच्या मनात पाल चुकचुकली, तर त्यांना दोष कसा द्यावा?

माकडाचा माणूस होताना कुणी पाहिले, हा प्रश्न मात्र घरोघरी विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर देऊन टाकू. आजचे माकड हे आपले आजोबा नाहीत, ते लांबचे भाऊबंद आहेत. दोघांचा पूर्वज एकच होता आणि तो आज नाही. तुमचा चुलतभाऊ बदलून तुम्ही झालात असे कुणी म्हणत नाही, तसेच हे. आणि ‘कुणी पाहिले’ म्हणाल, तर ज्या गुन्ह्याला साक्षीदार नसतो त्याचाही तपास पोलीस करतातच की, मागे राहिलेल्या खुणांवरून.

मुख्य गोष्ट वेगळीच आहे. दहावी हा आपल्याकडे असा शेवटचा वर्ग आहे जिथे सगळी मुले एकच विज्ञान शिकतात. पुढे कुणी कॉमर्सला जाते, कुणी आयटीआयला, कुणी गणित घेऊन इंजिनिअरिंगच्या मागे लागते, आणि पुष्कळांची शाळा तिथेच सुटते. बारावीला जीवशास्त्र घेणारी मुले उरतात किती? म्हणजे धडा बारावीत आहे या म्हणण्याचा सरळ अर्थ असा की तो होणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. बाकीच्यांना त्याची गरज नाही असे ठरवून टाकले आहे.

गरज कुणाला आहे ते विदर्भातल्या कापसाला विचारा. २००२ मध्ये बीटी कापूस आला. त्याच्या झाडातच बोंडअळीला मारक असा घटक. त्या बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचे एक वेगळे पाकीट मिळे, साध्या नॉन-बीटी कापसाचे. शेतकरी त्याला ‘रेफ्युजी’ म्हणत. ते शेताच्या कडेने लावायचे अशी सूचना होती. पुष्कळांनी ते बांधावर टाकून दिले किंवा लावलेच नाही. आपल्या पैशाने घेतलेल्या शेतात अळ्यांसाठी मुद्दाम खाऊ कोण लावील? शेतकऱ्याच्या जागी कुणीही असते तरी हेच केले असते, कारण ‘का’ हे त्याला कुणी नीट सांगितलेच नाही.

आणि तो ‘का’ म्हणजे शुद्ध डार्विन आहे. लाखो अळ्यांत दोन-चार अशा असतात की त्यांना जन्मजात फरकामुळे ते विष बाधत नाही. शेतभर बीटीच असेल तर बाकीच्या मरतात, या दोन-चार उरतात, त्यांचीच आपसांत लग्ने लागतात आणि पुढची पिढी विष पचवणारी निपजते. कडेला साधा कापूस असेल तर तिथे साधे पतंगही जगतात. त्यांच्याशी जोडी जमली की तो गुण पातळ होत जातो. पुस्तकातली नैसर्गिक निवड ती हीच. २०१० मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या पिढीच्या बीटीला दाद देईनाशी झाल्याचे कंपनीनेच मान्य केले. २०१७ च्या हंगामात विदर्भात दुसऱ्या पिढीच्या बीटी कापसातही बोंडे फोडली की आत अळी निघू लागली. फरदड ठेवल्याने अळीला वर्षभर खाद्य मिळाले, हेही एक कारण होतेच. पण त्या छोट्या पाकिटाचा अर्थ घरातल्या दहावीच्या मुलाला कळला असता, तर त्याने बापाला बांधावर उभे राहून तो समजावला असता. एवढ्यासाठी बारावीची वाट पाहायची?

शेती नसलेल्या घरातही हेच नाटक चालते. डॉक्टरने अँटिबायोटिक दिले, ताप उतरला, की उरलेल्या गोळ्या डब्यात जातात. क्षयाच्या औषधाचे तर महिनोन् महिने चालणारे वेळापत्रक, ते मध्येच सोडणारे कमी नाहीत. औषधाला न जुमानणारे थोडे जंतू मागे उरतात आणि वाढतात. कथा अळीचीच, पात्रे तेवढी बदलली.

काही घरांत भीती असते ती श्रद्धेची. मुलाने डार्विन वाचला तर देवाचे काय? अमेरिकेत या भीतीने कायदे झाले. १९२५ मध्ये टेनेसी राज्यात उत्क्रांती शिकवली म्हणून जॉन स्कोप्स या शिक्षकाला शंभर डॉलर दंड झाला, पुढे तो तांत्रिक कारणाने रद्द झाला. आपल्याकडे तसा कायदा नाही. आणि मराठी माणसाला ही भीती बरीच उशिरा सुचली म्हणायची. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्य टिळकांनी डार्विन आणि हेकेल यांच्या मतांची सांख्यांच्या मताशी तुलना करून ठेवली आहे. तो ग्रंथ १९१५ चा. त्यांना त्यात बिचकण्यासारखे काही वाटले नाही. दशावतारात मासा, कासव, वराह असा क्रम आहे म्हणून उत्क्रांती आपल्याला आधीच ठाऊक होती, असे म्हणणारेही भेटतात. साम्य गमतीचे आहे, पण कासवाचा वराह का झाला हे ती कथा सांगत नाही, सांगायला ती रचलेलीही नाही. कथेला कथा राहू द्यावी.

ज्यांच्या घरी एनसीईआरटीचे पुस्तक आहे त्यांनी एक करावे. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. दहावीच्या विज्ञानाचा दुसरा भाग घ्या आणि पहिला धडा सुट्टीत मुलांबरोबर बसून वाचा. परीक्षेत येणार नाही, हे मुलांना आधीच सांगा, म्हणजे ती बिचकणार नाहीत.

आणि रसमडा, भिलाईकडच्या पालकांना उदाहरण शोधायला गॅलापागोस बेटांवर जायला नको. पोलादाच्या भट्टीत लोहखनिजाबरोबर चुनखडी घालावी लागते. भिलाईला ती दुर्ग जिल्ह्यातल्याच नंदिनीच्या खाणीतून येत आली आहे. या पट्ट्यातली चुनखडी सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीची किंवा त्याहूनही जुनी. तेव्हा इथे उथळ समुद्र होता. त्या दगडात ठिकठिकाणी कांद्याच्या पापुद्र्यांसारखे वळणदार थर दिसतात. त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. मासा नव्हता, झाड नव्हते, तेव्हा समुद्राच्या तळाशी सूक्ष्म जीवांच्या साई एकावर एक साचून ते थर झाले. सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या अशाच जीवांनी हवेत प्राणवायू सोडला, म्हणून पुढे आपल्यासारख्यांना श्वास घेता आला.