डिझेल स्वच्छ झाले, श्वास कधी होणार?

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ इंधन मिळू लागले. डिझेलमधील गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आली. ही सुधारणा मोठी आहे, हे आम्ही मान्य करतो. पण तिचा पुरता लाभ कष्टकऱ्यांना मिळाला काय, हा आमचा सवाल आहे.

गंधक जळाले की सल्फर डायऑक्साइड आणि सल्फेटचे सूक्ष्म कण तयार होतात. शिवाय धूर शुद्ध करणारी यंत्रणा गंधकामुळे निकामी होते. म्हणून आधी गंधक काढणे भाग होते. ते निघाले, मात्र जुन्या ट्रक-टेम्पोला काजळी अडविणारा फिल्टरच नाही. इंधन बदलले तरी त्यांची काजळी रस्त्यावरच पडते.

दुसरा गुण सिटेन क्रमांकाचा. तो किमान ५१ हवा. कमी असल्यास डिझेल पेट घ्यायला उशीर लावते, मग साचलेले इंधन एकदम भडकते. इंजिन ठोके देते आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. त्यात भेसळ झाली की सारी मानके कागदावरच राहतात. रेशनचे रॉकेल गरिबाच्या चुलीसाठी होते, ते डिझेलमध्ये ओतले गेले. तेलाच्या भेसळखोरांना रोखू पाहणारे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ जिवंत जाळण्यात आले, हे महाराष्ट्राने विसरू नये.

आणि तपासणी कसली होते? पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा तेवढा मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत!

डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले. काचा लावून वातानुकूलित गाडीत बसणाऱ्यापेक्षा रस्ता झाडणारा सफाई कामगार, हातगाडीवाला आणि महामार्गालगतच्या वस्तीतली लेकरे तो अधिक घेतात. झाडू कोणत्या समाजाच्या हाती दिला गेला, हे वाचकांना सांगणे नलगे.

सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली प्रदूषणमुक्त हवा-पाणी हा अनुच्छेद २१ खालील जीवनाच्या हक्काचाच भाग ठरविला. तेव्हा पंपावरील इंधन तपासणीचे निकाल जाहीर करा, पीयूसीची पद्धत बदला, जुनी गाडी मोडीत काढणाऱ्या छोट्या मालकाला अर्थसाहाय्य द्या. आम्ही मेहेरबानी मागत नाही. संविधानाने दिलेला हक्क मागतो.