पोटातली ओढाताण

घरात शिलाई मशीन असेल तर एक प्रयोग करून पाहा. इलॅस्टिक ताणून धरा आणि तसंच कापडाला शिवा. हात सोडला की इलॅस्टिक आखडतं आणि कापडाला चुण्या पडतात. फ्रॉकच्या बाहीला आपण हेच करतो. प्रत्येक चुणीची खूण कोणी खडूने करून ठेवलेली नसते. कापड लांब आणि इलॅस्टिक आखूड, या ओढाताणीतूनच त्या पडतात.

आईच्या पोटात बाळाची आतडी अशीच वळतात. आतडं भराभर वाढतं, पण त्याला धरून ठेवणारा पातळ पडदा हळू वाढतो. म्हणून आतड्याला वेटोळी पडतात. 2011 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील एल. महादेवन, क्लिफर्ड टॅबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर अभ्यास करून हे दाखवलं. त्यांनी रबराचा पडदा ताणून एका नळीला शिवला. पडदा सोडताच नळीला आतड्यासारखी वेटोळी पडली!

बाळाची घडण जनुकांवर अवलंबून असते, असं आपण शाळेत शिकतो. ते खरंच आहे. पण जनुकांनी सांगितलेलं काम पेशींना एकमेकींना ओढून, ढकलून, आवळूनच करावं लागतं. मेंदू आणि मज्जारज्जू सुरुवातीला एक सपाट पट्टी असते. सलवारीची नाडी ओढली की नेफा आवळतो, तशा या पट्टीतल्या पेशी एका बाजूने आवळल्या जातात. मग कडा वर उचलल्या जातात, एकमेकींना मिळतात आणि नळी तयार होते. मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मैत्रेयी नरसिंहा याच विषयावर काम करतात. फळमाशीच्या गर्भातल्या पेशी ओढाताण करून पाठीवरची फट कशी बुजवतात, हे त्या अभ्यासतात.

गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत बाळाची ही नळी बंद होते. ती कुठे उघडी राहिली तर बाळाला कायमचं अपंगत्व येऊ शकतं. फॉलिक ॲसिडच्या गोळीने हा धोका बराच कमी होतो. पण पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत यातले निम्मे दिवस निघून गेलेले असतात. म्हणून मूल हवं असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आधीपासूनच सुरू करावी.

बाळ पोटात लाथा मारू लागलं की दादी-नानींना कौतुक वाटतं. त्या लाथाही कामाच्या असतात, कारण हालचालीशिवाय सांधे नीट घडत नाहीत. 1962 मध्ये ड्राखमन आणि कूलोम्ब्र या शास्त्रज्ञांनी अंड्यातल्या पिल्लांचे स्नायू औषधाने काही काळ लुळे केले. त्या पिल्लांचे सांधे आखडले आणि पावलं वाकडी झाली.

माणसांत सुमारे हजारात एक बाळ आत वळलेलं पाऊल घेऊन जन्मतं. बहुतेकदा त्याचं एकच असं कारण सापडत नाही. आपल्याकडे मात्र पहिला सवाल सुनेला होतो, "ग्रहणात काय चिरलंस?" ग्रहणाचा आणि पावलाचा काही संबंध नाही. आधीच घाबरलेल्या बाळंतिणीवर हा आळ घेणं जुलूम आहे, आणि त्या वादात उपचाराचे दिवसही वाया जातात.

उपचारही ओढाताणीचाच आहे, पण हळुवार. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी ही पद्धत बसवली. बाळाचं पाऊल हाताने थोडंसं वळवून प्लास्टर घालतात, आठवड्याने ते बदलून आणखी थोडं वळवतात. साधारण पाच ते सात प्लास्टर लागतात. बहुतेक बाळांच्या टाचेमागच्या शिरेला लहानसा छेदही द्यावा लागतो. पुढे दांडीला जोडलेले खास बूट तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि नंतर चार-पाच वर्षांची होईपर्यंत झोपताना घालावे लागतात.

जव्हार-मोखाड्यात अडतं ते इथे. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात. पाऊल सरळ दिसतं, बूट घरीच राहतात, आणि पाऊल पुन्हा वळू लागतं. तुमच्या शेजारी असं मूल असेल तर निघण्यापूर्वी त्याच्या आईला एवढं सांगा, की बूट आणि दवाखान्याचा कागद गाठोड्यात सगळ्यात आधी ठेव.

राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातला तालुका होता. वाकडं पाऊल आणि पाठीवरची उघडी नळी हे दोन्ही दोष या कार्यक्रमाच्या यादीत आहेत. त्याचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं. पण पथकाची वाट पाहत बसू नका. जन्मल्याच आठवड्यात आशाताईंना बाळाची पावलं आणि पाठ दाखवा. जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय गाठा आणि प्लास्टर कुठे होतं ते विचारा. पहिल्या आठवड्यांत बाळाचे सांधे सगळ्यात मऊ असतात, आणि तेव्हाचं वळण सगळ्यात कमी त्रासाचं असतं.