विश्लेषण : तांदळाच्या पोत्यामागचा पेटंट-वाद

गोंदियाच्या राईस मिलमधला तांदूळ खुल्या बाजारात जातो तो अनेकदा पांढऱ्या विणलेल्या प्लास्टिक पोत्यांतून. हे पोते पॉलिप्रॉपिलीनचे. या पॉलिमरच्या पेटंटवर अमेरिकेत काही दशके वाद चालला. त्यातून आपल्या कायद्यातील एका हक्काचे मोल कळते.

वाद काय होता?

१९५१ मध्ये फिलिप्स पेट्रोलियमचे हॉगन आणि बँक्स प्रॉपिलीन वायूपासून पेट्रोलचे घटक बनवू पाहत होते. उत्प्रेरकात क्रोमियम मिसळल्यावर पांढरा घन पदार्थ तयार झाला. कंपनीने जानेवारी १९५३ मध्ये अर्ज केला. १९५४ मध्ये इटलीत ज्युलिओ नाट्टा यांनी कार्ल झिग्लर यांच्या उत्प्रेरकाच्या आधारे, वेगळ्या प्रक्रियेने, स्फटिकी पॉलिप्रॉपिलीन बनवले. नाट्टा आणि झिग्लर यांना १९६३ चे नोबेल मिळाले. मात्र पहिला हक्क कोणाचा, यावर १९५८ पासून पाच कंपन्यांत जुंपली. पेटंट १९८३ मध्ये फिलिप्सला मिळाले.

मेख कुठे होती?

तेव्हा अमेरिकेत मुदत मंजुरीपासून १७ वर्षे होती. त्यामुळे १९५१ च्या शोधावरील हक्क २००० पर्यंत पोहोचला. विलंबाचा फायदा पेटंटधारकाला झाला. भारतात मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे आहे. इथे निकाल लांबला तरी मक्तेदारी लांबत नाही.

गोंदियाला काय?

भारतात पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणीही हरकत घेऊ शकतो. २०२४ च्या नियमांनी त्यावर शुल्क आणि प्राथमिक छाननी आणली. खोडसाळ हरकतींनी अर्ज रखडतात, ही तक्रार खोटी नाही. अर्जदाराची वर्षे त्यात वाया जातात. त्यावर उपाय म्हणून हरकतींचा निकाल ठरलेल्या मुदतीत द्यावा. शुल्काने मात्र सामान्य माणूसच आधी बाहेर पडतो.

गोंदिया हे नावच इथे विकायला येणाऱ्या गोंदावरून, म्हणजे डिंकावरून, पडले असे सांगतात. पळसावरची लाखही याच जंगलातली. डिंक आणि लाख दोन्ही निसर्गाची पॉलिमर. उद्या लाख शुद्ध करण्याची जुनीच रीत कोणी नवी म्हणून नोंदवू लागला, तर ती जुनी आहे हे सांगणार कोण? ती पिढ्यान्‌पिढ्या वापरणारा गावकरीच. हळदीवरचे अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, तेही भारतीय वैज्ञानिक संस्थेने जुने पुरावे मांडल्यामुळे. गावकऱ्यामागे अशी संस्था नसते. त्याच्यासाठी हरकतीचे दार विनाशुल्क उघडे असायला हवे.